एकास तीन

वेल्डरने कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"सातव्या महिन्यातच झाली पोरगी. आज सकाळी मोठ्या दवाखान्यात हलवली," तो स्टुडिओवाल्या काकूंना म्हणाला. "बायकोला अजून उठू देत नाहीत. तिनं पोरीला पाहिलेलंच नाही. म्हणते, ती गेलीय आणि तुम्ही सगळे मला खेळवताय."

काकूंनी कॅमेरा हातात घेतला. आतली फिल्म चारशे स्पीडची, कॅमेऱ्याची स्पीडची चकती मात्र आठशेवर.

"उसना आहे," तो ओशाळला. "काही चुकलं का?"

"उजेड निम्माच पोचलाय. खोलीत दिवे किती होते?"

"काचेच्या पेटीवर एकच. बाकी अंधारच."

त्याला विचारून काकूंनी आतल्या खोलीत फिल्मचे पहिले दोन फोटो कापले आणि चाचणीपुरते फिल्म धुवायच्या नेहमीच्या औषधात धुतले. निगेटिव्हवर दिव्याच्या जागी काळाकुट्ट डाग उमटला. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही.

काकूंचे यजमान, स्टुडिओवाले काका, दारातून डोकावले. "औषध कडक कर."

"कडक केलं तर दिवाच भडकेल. उलट पातळ करते. एकास तीन पाणी."

"पातळ औषधात चित्रही पातळच येतं. चाळीस वर्षं हेच करतोय मी."

"घाई केली तर येतं. वेळ दिला की उजेडाच्या जागचं औषध लवकर दमतं, अंधारातलं काम करत राहतं. चारशेची फिल्म आठशेची नाही व्हायची. पण थोडी पुढे नक्की सरकेल."

"आणि नाही सरकली तर?"

काकूंनी औषधात पाणी मोजून ओतलं. फिल्म एकच होती.

बावीस मिनिटं. एरवी दर मिनिटाला हलवायचा तो फिल्मचा डबा त्यांनी तीन-तीन मिनिटांनी एकदाच हलवला, तोही झोपलेल्याची कूस बदलावी तसा अलगद.

फिल्म बाहेर आली ती फिकट. मग त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

काकांनी त्यांच्या हातातून भिंग घेतलं, पाहिलं, आणि फिकट निगेटिव्हही ठसठशीत छापणाऱ्या कडक कागदाचं पाकीट फोडलं.

फोटो वाळेपर्यंत वेल्डरला दम निघेना. मग ओला फोटो ताटलीत घेऊन काकूच त्याच्याबरोबर बायकोच्या दवाखान्यात गेल्या.

बायकोने फोटो जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. त्यात काचेपलीकडे मुठीएवढा चेहरा होता. डोळे उघडे होते.

"कान तुमच्यावर गेलेत," ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने नकळत स्वतःच्या कानाला हात लावला.

तिने फोटो उशीला टेकवून उभा केला आणि नर्सला हाक मारली. "सिस्टर, मला जरा बसतं करा. दूध काढून पाठवायचंय."