सही करण्याआधी

गेल्या खेपेला काकूंनी खोका न उघडताच ट्रकवाल्याला सही देऊन टाकली, आणि आत काकांच्या ज्यूकबॉक्सच्या काचेचा पार भुगा निघाला. नाणं टाकलं की गाणं वाजवणारं ते कपाटाएवढं जुनं मशीन! भरपाईचं नाव काढताच ट्रान्सपोर्टवाल्यांनी सहीचा कागद नाकासमोर नाचवला. तेव्हापासून उठता-बसता काकांचं एकच पालुपद: "अगं, सही करण्याआधी माल नीट बघावा. मोडका निघाला तर ड्रायव्हरसमोरच परत करावा. एवढी साधी अक्कल नको?"

या खेपेला दुसरा ज्यूकबॉक्स आणायला काका स्वतःच गेले. होती नव्हती ती गादी-रजई त्याच्याभोवती गुंडाळून, प्रत्येक खड्ड्याला त्याला मिठी मारत, स्वतः ट्रकच्या उघड्या पत्र्यावर बसून ते घरापर्यंत आले.

दारात खोका उघडला. काचेवर साधा ओरखडा नव्हता. काकांना मात्र दोन हमालांनी उचलून उतरवलं. कंबर अशी धरली होती की ते बसल्या आकारातच खाली आले. ड्रायव्हरने सहीसाठी पेन पुढे केलं, तर तशातही कण्हत म्हणाले, "अगं, बघितल्याशिवाय सही नको हं!"

काकूंनी ज्यूकबॉक्सभोवती एक फेरी मारली. मग काकांना डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं आणि पेन ड्रायव्हरच्या हातात परत ठेवलं.



"मशीन ठेवून घेते. हे मात्र मोडून आलेत, ह्यांना परत न्या."