शिकवलेलं उत्तर

फागू हांसदाला संथाळीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती, आणि अखौरी वकिलांना संथाळी शिकायची गरज कधी वाटली नव्हती. दुमक्याच्या कोर्टात असले अशील त्यांच्याकडे ढिगानं होते आणि सगळ्यांवर तोडगा एकच. जबाबाच्या दिवशी ते पिंजऱ्याशी वाकून हिंदीतलं एक वाक्य पाठ करून घेत: ‘खोटं आहे, हुजूर.’ फागूनं ते दोनदा म्हणून दाखवलं.

“शेजाऱ्यावर कुऱ्हाड तू चालवलीस?” न्यायाधीशांनी विचारलं.

“खोटं आहे, हुजूर.”

“रक्ताचं धोतर तुझ्या घरात सापडलं?”

“खोटं आहे, हुजूर.”

अखौरी खूश होते. मग न्यायाधीशांनी चष्मा काढला, आवाज मऊ केला. “डॉक्टर सांगतात, त्या वेळी तू इस्पितळात होतास, तापानं फणफणलेल्या लेकीच्या उशाशी. बरोबर?”

“खोटं आहे, हुजूर.”

टंकलेखकाचे हात थांबले. न्यायाधीश वळले. “वकीलसाहेब, याला प्रश्न कळतायत ना? की दुभाष्या बोलावू?”

अखौरी उठले. भरल्या कोर्टात काय सांगायचं, की या माणसाशी आपण आजवर धड बोललेलोच नाही?

“सगळं समजावलंय, हुजूर,” ते म्हणाले आणि खाली बसले.

बाहेर शिपाई बेडी चढवत होता. अखौरींना राहवेना. फागूच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “घाबरू नकोस. सुटशील तू.”

फागूनं बेडीतले हात जोडले आणि जराही न अडखळता म्हणाला, “खोटं आहे, हुजूर.”