मानाची जागा

उंदीर आजही हलला नाही. तोल्कीनने त्याला हौदात सोडला, तसा तो तडक कडेला गेला आणि भिंतीला अंग चिकटवून बसला. पांढऱ्या पत्र्याचा गोल हौद, वर दिवा, मधली जागा सगळी मोकळी. पण पठ्ठ्या मिशीसुद्धा हलवेना.

प्रयोगशाळेची प्रमुख कुल्यान, तोल्कीनची 'अपाय' म्हणजे बाई, हाताची घडी घालून उभी होती. तिचं लक्ष उंदरापेक्षा तोल्कीनच्या हातांवर जास्त होतं.

उंदराच्या नाकात हार्मोनचे थेंब घातलेले होते. हे हार्मोन मेंदूत तयार होतं आणि ते वाढलं की भित्रा उंदीरही भिंत सोडून हुंगत हुंगत मधे येतो, असं कुल्यानचं म्हणणं. त्यावर तिने अर्धं आयुष्य घातलं होतं. हिवाळा लागेपर्यंत तिची विद्यार्थिनी तोल्कीन एकटीच हे प्रयोग करायची. कॅमेरा बंद पडलेला, त्यामुळे उंदीर किती फिरला ते डोळ्यांनीच मोजायचं. आणि उंदीर कसे, कुल्यानला हवे तस्से फिरत होते. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. पोरगी आपल्याला खूश करायला आकडे फुगवत असेल तर? म्हणून तिने आपले निवृत्त गुरुजी, सेयिलबेक अगाय, यांना साक्षीला बोलावलं. अगाय रोज येऊन बसायला लागले आणि उंदीर भिंतीला चिकटले ते चिकटलेच. हार्मोनवाले आणि नुसत्या पाण्याचे थेंब घातलेले, सगळे सारखेच भित्रे. आणखी काय पुरावा हवा होता?

"पुरे झालं," कुल्यान म्हणाली. "कुणी बघत नव्हतं तेव्हा बरे नाचत होते तुझे उंदीर."

"नाचत नव्हते, अपाय. हिंडत होते. मी पाहिलं तेच सांगितलं."

"आणि अगायना बघून त्यांना लाज वाटायला लागली, होय?"

अगाय खुर्चीत अवघडून बसले होते. "मुली, काय असेल ते सांगून टाक," ते म्हणाले. "तुझ्या वयात होतं असं. मी तुझ्यासाठी शब्द टाकीन."

"केलं असतं तर सांगितलं असतं, अगाय. तुमच्या शब्दाची वाट नसती पाहिली."

तिचे डोळे भरले होते, पण आवाज कापत नव्हता. कुल्यानला ती निगरगट्ट वाटली. गावाहून आली की ही पोर आईने वाळवलेल्या दह्याचे, कुर्तचे आंबट गोळे आठवणीने आणायची, चहाबरोबर पुढे करायची. आता कुल्यानला तो कुर्तही लाडीगोडीचा वाटायला लागला.

"किल्ली ठेव टेबलावर," ती म्हणाली. "उद्यापासून येऊ नकोस. संचालकांना मी सांगते."

तोल्कीनने किल्ली ठेवली आणि कोट घालायला घेतला. अगायही उठले. ते उठले म्हटल्यावर कुल्यान लगबगीने त्यांची टोपी काढायला गेली. थोरामोठ्यांची टोपी खुर्चीवर टाकायची नसते, जमिनीवर तर नाहीच. खोलीत उंच आणि स्वच्छ जागा म्हणजे हौदावरची फळी, तिथे ती रोज स्वतःच्या हातांनी ठेवायची. कोल्ह्याच्या कातड्याची कानटोपी, चांगली जाडजूड, अंगावरचा बर्फ वितळून ओली झालेली. उग्र दर्प येत होता तिला.

कुल्यानने दोन्ही हातांनी टोपी खाली घेतली. टोपीचा एक कान हौदावर लोंबला. इतका वेळ दगडासारखा बसलेला उंदीर उठला आणि कडेकडेने पळत समोरच्या भिंतीला जाऊन थडकला. तिथे अंगाचा गोळा करून त्याने लेंड्या टाकल्या.

कुल्यान थबकली. तिने टोपी त्या बाजूला नेली. उंदीर या बाजूला पळाला.

"अगाय, ही टोपी कधीची?"

"यंदाचीच. जावयाच्या शिकारी गरुडाने मारलेला कोल्हा. का गं?"

कुल्यान टोपी घेऊन बाहेर गेली, पार पलीकडच्या चहाच्या खोलीत कपाटावर ठेवून आली. हात साबणाने धुतले. खिडकी उघडली, तशी आलमाती शहराची थंडी आत घुसली. उंदीर पिंजऱ्यात टाकून तिने हौद स्पिरिटने पुसला, मग दुसऱ्या उंदराच्या नाकात स्वतः थेंब घातले. अंमल चढायला वेळ लागतो. तिघंही वाट बघत बसली, तोल्कीन कोटाची बटणं लावून.

नवा उंदीर आधी कडेलाच बसला. मग त्याने नाक वर केलं. दोन पावलं पुढे, एक मागे, असं करत तो मधे आला आणि दिव्याखाली मागच्या पायांवर उभा राहून हवा हुंगायला लागला.

अगायनी आपल्या उघड्या डोक्यावरून हात फिरवला. "म्हणजे माझ्या टोपीतल्या कोल्ह्याचा वास..."

"टोपी तिथे मी ठेवली," कुल्यान म्हणाली. तिला कुठे बघावं कळेना. तिने किल्ली उचलून तोल्कीनपुढे धरली. "माझं चुकलं गं. उद्या ये. अगाय, तुम्हालाही उगाच थंडीवाऱ्याचं बसवून ठेवलं. आता तुम्ही नाही आलात तरी चालेल."

तोल्कीनने किल्ली घेतली. कोट काही काढला नाही.

"टोपी बाहेर ठेवा, अगाय, पण या," ती म्हणाली. "रोज या. आता साक्षीदार मला लागणार."