खुर्चीचा फोटो

मंगळवार पेठेतलं तरुण मंडळ आज चाकांची खुर्ची देणार म्हणून भूमिकाने शाळा बुडवली आणि सकाळीच आईला अंघोळ घातली. कमरेखाली जीव नसलेल्या बाईला साडी नेसवणं हे सातवीतल्या पोरीच्या ताकदीचं काम नव्हे. तरी तिने नेसवली, लग्नातली मोरपंखी. कपाळाला विभूती लावली, अबोलीचा गजरा माळला आणि पाठीशी दोन उशा देऊन आईला भिंतीला टेकवून बसवलं. आईने आरसा मागितला. अपघातानंतर पहिल्यांदाच.

"खुर्ची आली की आपण रंकाळ्यावर जायचं," भूमिका म्हणाली.

मंडळाचे अध्यक्ष उदयसिंह आईला बघून दारातच थबकले.

"ह्या आजारी वाटत्यात व्हय रं? लग्नाला निघाल्यागत दिसत्यात की."

"आधीचा आन् नंतरचा, दोन फोटो पायजेत," फोटो काढणारा सम्राट म्हणाला. "आधीच्यात झोपल्याली दाखवाय लागंल."

समाजसेवेला नेहमीच घाई असते. "वहिनी, पाच मिनिटं आडव्या व्हा," उदयसिंह म्हणाले. "गजरा काढ गं बाळ. केस बी सोड. रोजचा गाऊन असंल न्हवं?"

आई भूमिकाकडे बघत होती आणि भूमिका त्यांनी दारात आणून ठेवलेल्या खुर्चीकडे. चाकांवरचं प्लॅस्टिकही अजून निघालं नव्हतं.

माणसं बाहेर थांबली. भूमिकाने उशा काढल्या, गजरा काढला. आईने पदर घट्ट धरून ठेवला होता. भूमिकाने तिचं एकेक बोट सोडवलं.

पहिला फोटो झाला. मग दोघांनी आईला उचलून गाऊनवरच खुर्चीत बसवलं. "हसा की वहिनी." आई हसली नाही. "बरं, तू तरी हस." भूमिका हसली. दुसराही फोटो झाला.

मग आईला परत गादीवर ठेवलं आणि खुर्ची टेम्पोत चढवली.

"अजून तीन घरं हायत," उदयसिंह म्हणाले. "तुमची मागनं धाडतो की."

आठवड्याने पेठेच्या तोंडावर दोन्ही फोटोंचा भलामोठा फलक लागला. त्यातलं स्वतःचं हसणं भूमिकाला बघवत नाही, म्हणून ती पलीकडच्या बोळातून शाळेला जाते. खुर्ची आलेली नाही.

रविवारी तिने तेलाची वाटी आणि फणी घेऊन आईच्या डोक्याला हात लावला. आईने तो हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे तसंच," ती म्हणाली. "ती माणसं खुर्ची घिऊन आली म्हंजे?"