सागाचा होकार

झाडाच्या होकाराशिवाय तोड करायची नाही, असा कायदा झाल्यापासून वनपाल वच्छला आत्राम जळफळत होती. दाट झालेलं जंगल विरळ करायचं, तर तिने बुंध्याला झाडाचा कौल सांगणारा पट्टा बांधला की त्यावरचा दिवा नकाराचा लाल व्हायचा. कालपरवा नोकरीला लागलेल्या निरूपाने बांधला की हिरवा.

"पोरीने पट्ट्यातच काहीतरी केलंय," असं पुटपुटत वच्छलाने आज तिचाच पट्टा घेतला. नेहमीच्या टापटिपीने एका थोराड सागाभोवतीचं रान कोयत्याने साफ केलं, पट्टा आवळला. दिवा लालच.

"ताई, त्याची पिल्लं तुम्ही आधीच कापलीत," निरूपा हळूच म्हणाली. "आता त्याने जागा सोडायची ती कुणासाठी?"

वच्छलाने खाली पाहिलं. पाल्यात सागाची कोवळी रोपं आडवी पडली होती.

पुढच्या सागाखाली तिने कोयता काढलाच नाही. पट्टा बांधला तसा दिवा हिरवा झाला. तोडीचा छाप मारायचा हातोडा तिने आजवर कुणाला शिवू दिला नव्हता. तो कमरेचा काढून तिने निरूपापुढे धरला.

"धर," ती तुसडेपणाने म्हणाली. "वाकडा मारलास तर परत घेईन."