न उडालेलं विमान

“मागच्या वर्षी आम्ही काढून टाकलेलं विमान तुम्ही परत मागताय? लाज कशी वाटत नाही हो?”

अध्यक्षबाईंनी असं विचारलं आणि समितीच्या खोलीत कपात फिरणारे चमचे थांबले. टेबलाच्या त्या टोकाला केंद्रप्रमुख बसला होता. उन्हानं रापलेला, अंगात कुणाचा तरी मागून आणल्यासारखा कोट. त्याची संस्था पुष्कळ देशांनी मिळून काढलेली. लढाया चाललेल्या मुलखात दवाखाने चालवायची. पण तिची विमानं या देशाच्या पैशावर उडायची, म्हणून तेवढा खर्च दरवर्षी संसदेच्या या समितीपुढे यायचा. म्हणजे बाईंपुढे. सगळे त्यांना पाठीमागे ‘कात्री’ म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्यांची पद्धत सोपी होती. अंदाजपत्रक शेवटच्या पानाकडून उघडायचं आणि वर्षभरात ज्याचा वापर झाला नाही ते काढून टाकायचं. हे छोटं विमान त्या वर्षी एकदाही उडालं नव्हतं. काढलं. पाणी प्यायला लागतो, तेवढाही वेळ लागला नाही.

“ताई, आमच्या दवाखान्याच्या केंद्रावरून बाहेर पडायला रस्ता नाही,” केंद्रप्रमुख म्हणाला. “औषधांचं विमान येतं, ते वरूनच खोकी टाकून पुढं जातं. कुणाचे आईवडील शेवटच्या घटकेला असले, तर त्या माणसाला घरी पोचवायला हे विमान होतं. त्या वर्षी ते उडालं नाही, कारण त्या वर्षी कुणाचं कुणी गेलं नाही. एवढंच.”

“म्हणजे रडायला जायचं भाडं.”

“ताईंच्या कात्रीला आज धार लावलेली दिसते,” शेजारचे म्हातारे खासदार बिस्कीट बुडवत म्हणाले. दोघंतिघं हसले. बाई हसल्या नाहीत.

त्यांचा एकुलता एक मुलगा याच संस्थेत डॉक्टर होता. अध्यक्ष होताना त्यांनी सभापतींना तसं सांगून टाकलं होतं, आणि मुलाला फोनवर बजावलं होतं, “आजपासून तुझ्या संस्थेतलं एक अक्षर माझ्या कानावर घालायचं नाही. उद्या कुणी म्हणायला नको, आई लेकासाठी तिजोरी उघडते.” पोरगं आज्ञाधारक. बदली कुठं झाली तेही त्यानं सांगितलं नाही. कुठल्या तरी मोठ्या शहरात, चांगल्या इस्पितळात असेल, असं बाईंनी धरून ठेवलं होतं.

मग गेल्या हिवाळ्यात बाईंचे यजमान अंथरुणाला खिळले. निरोप गेला. मुलगा आला नाही. फोनवर नुसतं म्हणाला, “आई, येता येत नाही.” का, म्हणून विचारलं तर गप्प. दाराकडे लागलेले नवऱ्याचे डोळे बाईंना आपल्या हातानं मिटावे लागले. तेव्हापासून त्यांनी मुलाचा फोन उचलला नव्हता. जावेनं त्याचा विषय काढला तर म्हणाल्या, “मला मूलबाळ नाही.”

त्यामुळे हे विमान परत मिळणार नव्हतं. आज तर नाहीच.

“हे बघा,” बाई म्हणाल्या, “ज्याला यायचं असतं तो चालत येतो. ज्याला यायचं नसतं, त्याच्या दारात विमान उभं करा, तो येत नाही. मला शिकवू नका. मी माझ्या घरात बघितलंय.”

केंद्रप्रमुखानं मान खाली घातली. उठून जाईल असं वाटलं. गेला नाही.

“चालत निघाला होता एक जण, ताई.”

“कोण?”

“नाव सांगायची परवानगी नाही. आमच्या केंद्रावरचा डॉक्टर. वडिलांचं काही खरं नाही असा निरोप आला, आणि विमान तर रद्द झालेलं. त्यानं पाठीला पिशवी अडकवली आणि पायी निघाला. पुढच्या चौकीवरच्या शिपायांनी गाडीत घालून परत आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाला. वाटेत सुरुंग पेरलेले, माणूस जिवंत पोचत नाही. शेवटी मीच त्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली.”

म्हाताऱ्या खासदारांचं बिस्कीट चहात विरघळून गेलं.

“आरडाओरडा नाही केला त्यानं. आत बसून एकसारखा म्हणत होता, ‘मालक, थांबा. मालक, थोडं थांबा.’ वडिलांना मालक म्हणत असावा.”

बाईंनी चष्मा काढला. पुन्हा घातला. त्यांच्या घरात एक पोरगा लहानपणापासून बापाला मालक म्हणायचा, आणि बाप ऐटीत विचारायचा, “काय रे गड्या, आज कामाला दांडी?” बाई दोघांवर करवादायच्या, आणि मग ते दोघं जास्तच करायचे.

“घरी...” बाईंनी पुढ्यातलं अंदाजपत्रक मिटलं. “घरी कळवलं नाही त्यानं? का येता येत नाही ते?”

“मीही त्याला तेच म्हटलं, ताई. म्हटलं, अरे बाबा, विमान काढून टाकलंय एवढं तरी आईला सांग. ती माउली तुझ्याबद्दल काय समजेल? तर माझ्यापुढे हात जोडले त्यानं. काय म्हणाला, ते मला तेव्हाही कळलं नाही, अजूनही कळत नाही.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, ‘आईला माझ्यावरच रागावू दे. स्वतःवर रागावली, तर ती जगायची नाही.’”