दोन्ही कामांचा कीबोर्ड

"हाही नको," लेक म्हणाली. "फार आखूड आहे."

दुकानदाराने पुन्हा समजावलं. गेम खेळणारे आखूडच घेतात, माउस फिरवायला जागा उरते. शिवाय याची बटणं हलकी आहेत, खालून दिवे लागतात. लेकीने ऐकून घेतलं आणि कीबोर्ड बाजूला सरकवला. तिला रुंद हवा होता. गेमलाही चालेल आणि रोजच्या टायपिंगलाही, असा. आलेला प्रत्येक कीबोर्ड ती वडिलांपुढे ठेवत होती. ते दोन-चार बटणं दाबून बघायचे, मग ती बघायची, मग दोघांच्या माना एकदमच हलायच्या. नाही म्हणून.

"वहिनी," दुकानदार आईला म्हणाला, "लोक सोयरीक जुळवायलासुद्धा इतका वेळ घेत नाहीत."

आई कसनुसं हसली. ती काउंटरच्या टोकाला, हातातली पिशवी सावरत उभी होती. रोजचं टायपिंग, हे शब्द तिच्या मनाला टोचले होते. त्यांच्या घरात रोज टाइप करणारा माणूस एकच होता, लेकीचे वडील. लेखकांच्या हातच्या लिखाणातून छापखान्यासाठी स्वच्छ मजकूर तयार करून द्यायचा, हे त्यांचं काम. मुंगीच्या पायांसारखं अक्षर असो की शाई फुटलेली असो, त्यांना ते वाचता यायचं. मग तो अर्धांगाचा झटका आला. जीभ वाचली, पाय सावरला, पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. एकदा त्यांनी डाव्या हाताने प्रयत्न केला होता. सबंध सकाळ एका पानात गेली. "एका हाताने टाळी वाजत नाही," असं म्हणून ते उठले आणि पुन्हा त्या खुर्चीत कामासाठी म्हणून बसले नाहीत. काम म्हणजेच ते होते. काम गेल्यावर जेवणाच्या ताटावरही माणूस परक्यासारखा बसायचा. छापखान्याने वाट पाहिली, आणि परवा नरमाईनेच निरोप धाडला की या महिन्यात जमत नसेल तर दुसऱ्या कोणाला तरी बघतो.

आणि लेकीला गेम सुचत होता. आई कामावरून घरी यायची तेव्हा आतल्या खोलीतून गोळ्यांचा धडधडाट चाललेला असायचा. दार लोटून बघावं तर बापलेक खुर्चीला खुर्ची लावून पडद्यात गुंग. बापाला तेवढाच विरंगुळा, असं म्हणून ती देवापुढे दिवा लावायला निघून जायची. पण कधीतरी बोलूनही जायची. अगं, त्यांना कामाला लावायचं सोडून तू खेळायला काय लावतेस? त्यावर दोघं पुन्हा पडद्याकडे वळायची.

शेवटी दुकानदाराने मागच्या फडताळातून एक जुन्या घडणीचा कीबोर्ड काढला. ऐसपैस, जड, बटणं खोलगट. दिवे-बिवे काही नाहीत, पण गेमला भरवशाचा, असं तो म्हणाला. लेकीने तो कॉम्प्युटरला जोडायला लावला आणि मराठी चालू करून मागितली. वडिलांना तिने स्टुलावर बसवलं.

आईने तोंड फिरवलं. परक्या माणसासमोर त्यांचं ते एकेक अक्षर शोधणं तिला बघवणार नव्हतं. काचेपलीकडच्या रस्त्याकडे बघत ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिली.

आणि मागून आवाज आला.

तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता. एकसारखा, वाहता, मध्येच श्वास घेऊन पुन्हा धावणारा. त्याच आवाजावर तिने कित्येक वर्षं स्वयंपाक केला होता. हात आला. त्यांचा हात परत आला.

ती वळली.

उजवा हात मांडीवरच होता. निपचित, रोजच्यासारखा. बटणांवर डावा हात होता त्यांचा आणि उजवा होता लेकीचा. त्यांच्या सवयीच्या मराठी मांडणीत काना-मात्रा-वेलांट्या सगळ्या डावीकडे आणि बहुतेक अक्षरं उजवीकडे. अक्षर लेक देत होती, काना बाप देत होता. जोडाक्षर आलं की तिचं बोट, त्यांचं बोट, पुन्हा तिचं. समोरच्या भिंतीवर दुकानाची पाटी होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. तीच दोघं बघून उतरवत होती, पुन्हा पुन्हा, आणि कुठे अडखळत नव्हती. दोन माणसांचे खांदे एका श्वासात वरखाली होत होते.

दुकानदाराचा हात बिलाच्या पुस्तकावर तसाच राहिला.

"हे कधी शिकलात?" आईने विचारलं.

"गेममध्ये," लेक मान न वळवता म्हणाली. "पळायचं बाबांनी, नेम धरायचा मी. आधी रोज मरायचो गं. मग हळूहळू, ते कुठे वळणार ते मला आधीच कळायला लागलं."

"तू रागवायचीस ना," वडील म्हणाले, "तेव्हा आमची शाळा चालू असायची."

हात थांबले नव्हते. आई जवळ गेली. देवळात शिरताना चालावं तशी ती चालली. दोघांच्या मागे उभी राहून तिने पडदा वाचला. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, ही ओळ तिथे होतीच, खाली पुन्हा तीच, पुन्हा तीच. आणि सगळ्यात खाली, नुकतीच उमटलेली: 'उद्यापासून हस्तलिखितं पाठवा. आम्ही तयार आहोत.'

काय लिहायचं ते दोघांपैकी कोणीही बोललं नव्हतं, आणि भिंतीवरची पाटी एकाच ओळीची होती.